मोहाच्या दिवसात नवेगावबांधला तंबू

मुलांचा शेवटचा पेपर झाला आणि नवीन सेशन सुरू व्हायला मधे दहा-बारा दिवस आहेत, सीबीएसईवाल्यांना माहितीय हे दिवस कसे असतात, धड सुट्टी नाही आणि धड शाळा पण नाही. दरवर्षी या दिवसांत आम्ही चिखलदरा नाहीतर पचमढी करतो. यावर्षी मी आधीच सांगून टाकलं की यावेळी माझ्या आजोळी जायचं, गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला, तलावाकाठी तंबू लावून दोन रात्री राहायचं. नवरा म्हणाला मार्चच्या शेवटी? विदर्भात? तंबूत? त्याचं बरोबर आहे, नागपूरचा पारा तेव्हा चाळिशीला टेकलेला असतो, पण मला नेमके तेच दिवस पाहिजेत, त्याचं कारण पुढे सांगते.

आधी हे सांगते की ही कॅम्पिंगची गोष्ट डोक्यात आली कशी. गेल्या डिसेंबरमधे आम्ही एका तलावाकाठच्या कॅम्पला गेलो होतो, नाव लिहीत नाही, जागा खूपच सुंदर होती. संध्याकाळी सात वाजता तिथे स्पीकर सुरू झाला तो रात्री एकपर्यंत. पाण्याच्या पलीकडे दुसरा कॅम्प, त्यांचा दुसरा स्पीकर. माझा धाकटा आठ वर्षांचा आहे, तो तंबूत कानावर उशी दाबून झोपला आणि सकाळी मला विचारतो, आई, इथे पक्षी नसतात का? मला त्या प्रश्नाचं इतकं वाईट वाटलं की परत येताना गाडीत मी गप्पच होते, कारण मी त्याच्याएवढी असताना ज्या तलावाच्या पारीवर झोपायचे तिथे पहाटे पक्ष्यांनीच जाग यायची, दुसऱ्या कशाने नाही. तर तो तलाव त्याला दाखवायचा एवढंच ठरवलंय, बाकी सगळं प्लॅनिंग त्याच्या मागून आलं.

आता पारी म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आमच्या आजोळच्या बोलीत, झाडीबोलीत, ळ नाहीच, डोळा म्हणजे डोरा, तसं तलावाची पाळ म्हणजे पार. नवेगावबांध हा तलाव माणसांनी बांधलेला आहे हे बाहेरच्या लोकांना माहितीच नसतं. इतका मोठा आहे, ११ चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि भोवती सगळे डोंगर, त्यामुळे तो निसर्गाचाच वाटतो. पण तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, डोंगरांच्या मधल्या फटी मातीची पाळ घालून बंद केल्या आणि पावसाचं पाणी आत अडवलं. भंडारा-गोंदियाला तलावांचा जिल्हा म्हणतात ते या कोहळी लोकांमुळेच, गावोगाव मामा तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, यांनीच बांधल्या. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५० च्या कायद्याने गेली म्हणून माजी. लहानपणी मला वाटायचं तो माझ्या मामाचा तलाव आहे. तलावाभोवतीच्या डोंगरांना सातबहिणी म्हणतात आणि कोलू पाटलाला तिथे कोलासूर म्हणून देव मानतात. मला हे फार पटतं, ज्या माणसाने एवढं पाणी अडवलं त्याला शेंदूर लावायचा नाही तर कोणाला लावायचा.

तर जागा ठरली, आता तंबू कुठे लावायचा. हा प्रश्न वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

तलावाच्या अंगाला लागून नवेगाव राष्ट्रीय उद्यान आहे, १९७५ चं, आणि २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. उद्यानाच्या आत आपण आपला तंबू घेऊन जाऊन लावू शकत नाही, तो विषयच नाही, आणि तसंच पाहिजे. आत जायचं तर सकाळ-संध्याकाळची सफारी, जिप्सी आणि गाईड घेऊन, आणि वेळेत बाहेर. मैत्रिणींना सांगितलं तर दोघी म्हणाल्या अगं रात्री कोण बघतं, लाव कुठेतरी. नाही. ज्या जंगलात वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्री सगळं आहे तिथे आपण पोरांना घेऊन चोरून झोपायचं आणि उद्या काही झालं तर त्या प्राण्यावर शिक्का मारायचा, हे मला जमणार नाही. म्हणून मामाच्या शेतात लावायचं ठरवलं. मामाचं शेत तलावाच्या बाजूला आहे, घरापासून चालत सात-आठ मिनिटं, आणि शेताच्या टोकाला एक जुनं मोहाचं झाड आहे ज्याच्याखालून पूर्ण पाणी दिसतं. माझ्या डोक्यात तंबूची जागा म्हणजे तेच झाड, दुसरं काही नव्हतंच.

मामाला फोन केला. मामा आधी हसला, "कायले तंबू ठोकता बाई, घर नाही का आपलं?" मग मी जागा सांगितली आणि तो एकदम सिरीयस झाला. "मोहाखाली तंबू नोको ठोकजो. अस्वल येते रातच्याले मोहं खायाले. माणूस दिसत नाही तिले, नाकानं चालते ते."

आणि इथेच मी मार्चचा शेवट का म्हणते ते आलं. हे मोहफुलं पडायचे दिवस आहेत. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, मोहाचं फूल झाडावर उमलून दिसत नाही फारसं, ते रात्री पिकतं आणि पहाटे तीन-चारपासून टपटप पडायला लागतं. अगदी टप असा आवाज येतो वाळलेल्या पानावर, एक इथे, एक तिथे, मग मधे थोडं थांबतं, मग पाच-सहा एकदम. फूल म्हणजे पाकळ्या-बिकळ्या असलेलं फूल नाही, पिवळसर पांढरा फुगीर गोळा असतो, करवंदाएवढा, आत पोकळ, बोटात दाबला की चिकट गोड रस. वास असा की पहिल्यांदा घेणाऱ्याला उग्र वाटेल आणि आमच्यासारख्याला डोळ्यात पाणी येईल. उजाडायच्या आत बाया-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली हजर, कारण ऊन चढलं की फूल मलूल होतं, आणि उशीर केला तर गायी, हरणं, माकडं खाऊन जातात. आजी मला उठवायची, अर्धवट झोपेत मी टोपली भरायची, भरता भरता अर्धी खायची. मग ती अंगणात वाळत घालायची, दोन दिवसात पांढरी फुलं तपकिरी होऊन मनुक्यासारखी सुरकुततात. त्यातली थोडी भाजून तिळासोबत कुटून आजी लाडू करायची. लोकांना मोह म्हटलं की फक्त दारू आठवते, याचा मला खूप राग येतो. ज्या घरात पावसाळ्याआधी धान संपायचं त्या घराला मोहाने जगवलंय.

अस्वलाला पण तीच फुलं पाहिजेत आणि तीही त्याच वेळेला, पहाटे. दरवर्षी मोहाच्या दिवसात वेचणाऱ्यांवर अस्वलाने हल्ला केल्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच, दोघंही खाली मान घालून एकाच झाडाखाली. त्यामुळे मोहाचं झाड कट. मला थोडं वाईट वाटलं पण एका मिनिटात मान्य केलं, गावच्या माणसाने सांगितलं की ऐकायचं हा माझा पक्का नियम आहे.

मग दुसरा पर्याय बांधी. धानाच्या शेताच्या प्रत्येक तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात. पण निम्म्या बांध्यांमधे मामाने उन्हाळी धान लावलाय, म्हणजे घोट्याएवढं पाणी, वर हिरवंगार, आणि संध्याकाळी मच्छरांचे ढग. उरलेल्या निम्म्या कोरड्या पडल्यात त्या इतक्या कोरड्या की जमिनीला हात घालता येईल एवढ्या भेगा. त्या भेगांमधे काय काय राहतं ते मामाने सांगितल्यावर मुलीने स्वतःच सांगितलं तिथे नको. मुलगी तेराची आहे, विंचवाला फार घाबरते.

शेवटी जे ठरलं ते असं, घरामागचं खळं. धान मळायची जागा, सारवून सपाट केलेली, मोकळी, जवळ झुडूप नाही, मोह नाही, गवत नाही. घर पन्नास पावलांवर, म्हणजे रात्री बाथरूमचा प्रश्न मिटला, आणि खळ्याच्या कडेला उभं राहिलं की उतारावरून खाली तलाव दिसतो. पाण्याच्या अगदी काठावर नाही म्हणून धाकटा थोडा नाराज आहे. त्याला सांगितलं की पहाटे सगळे मिळून पारीवर जाऊ, मामासोबत, उजाडल्यावर. मामा तिथल्या बीट गार्डला, म्हणजे वनरक्षकाला, पण सांगून ठेवणार आहे की शहरातली मंडळी येताहेत, कारण रात्री खळ्यावर टॉर्च हलताना दिसला तर त्यांनाही उगाच धावपळ नको.

तंबू ऑनलाइन मागवला, चार माणसांचा. आला तो बरा आहे पण सोबतच्या खुंट्या अशा की बोटाने वाकतात, आणि खाली टाकायची शीट लिहिली होती ती बॉक्समधे नव्हतीच, फोन करकरून शेवटी मीच बाजारातून जाड ताडपत्री आणली. गेल्या शनिवारी गच्चीवर ट्रायल घेतली. ज्यांना उन्हाळ्यात कॅम्पिंग करायचंय त्यांनी ही ट्रायल नक्की घ्या, घरी जे कळतं ते तिथे कळलं तर रात्र वाया जाते. आम्हाला तीन गोष्टी कळल्या. एक म्हणजे वरचं पावसाचं कव्हर लावलं की आत भट्टी होते, ते काढून नुसती जाळी ठेवली तर हवा खेळते आणि वर आकाश पण दिसतं. दुसरं, तंबू दिवसा उन्हात उभा ठेवायचा नाही, संध्याकाळी सहाला लावायचा आणि सकाळी उठलं की पाडायचा, नाहीतर कापड दिवसभर तापतं आणि रात्री दहापर्यंत ती गरमी आतच राहते. तिसरं खुंट्यांचं, सारवलेल्या मातीत मार्चमधे खुंटी जाणं म्हणजे विटेत खिळा ठोकणं, म्हणून दोऱ्या बांधायला खुंट्यांऐवजी पाण्याने भरलेल्या पाच लिटरच्या कॅन वापरायच्या, चार कोपऱ्यांना चार. तेच पाणी सकाळी वापरायला होतं. ही आयडिया मुलीची आहे आणि मी ती इथे तिच्या नावावर लिहीन असं तिला कबूल केलंय.

शेकोटीचं. कॅम्पिंग म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढे शेकोटी येते आणि मुलं पण तेच म्हणत होती. मी नाही म्हणून सांगितलं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा जंगलातल्या वणव्यांचा काळ आहे, वनखाते या चार महिन्यांत डोळ्यात तेल घालून बसलेलं असतं. पानगळ झालेली असते, सागाची पानं पापडासारखी वाळून घोट्यापर्यंत साचलेली असतात, एक ठिणगी पुरते. बरेच वणवे मोहामुळेच लागतात हे पण खरंय, फूल नीट दिसावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि आग सरकत सरकत जंगलात जाते. आमच्या मामीने कधीच जाळला नाही, ती झाडाखाली आधी झाडून घेते आणि जुनी लुगडी अंथरते, फूल पण स्वच्छ राहतं. हल्ली काही गावात झाडाखाली जाळी बांधतात ते पण चांगलंय. तर आमच्याकडे शेकोटी नाही. चहापुरता छोटा गॅस, तोही घराच्या ओट्यावर, आणि उजेडाला एक कंदिलासारखा चार्जिंगचा लॅम्प, तोही जेवण होईपर्यंतच.

दिवसाचं टाइमटेबल मी उलटं केलंय. पहाटे साडेचार-पाचला उठायचं, सहा-सव्वासहाला उजाडतं तेव्हा पारीवर, नऊला परत. नऊ ते पाच मामाच्या घरात, कवेलूचं, म्हणजे कौलांचं घर आहे, मातीच्या भिंती, आत पाय ठेवला की थंड. जेवायचं, झोपायचं, पत्ते खेळायचे. पाचनंतर पुन्हा पाणी. म्हणजे तंबू फक्त रात्रीपुरता. काही जण म्हणतील हे कसलं कॅम्पिंग, पण इकडच्या उन्हात दुपारी बारा वाजता तंबूत बसणं ही हौस नाही, आजारपण आहे. खायला मी नागपूरहून फक्त सातूचं पीठ, गूळ, चिवडा आणि पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा गर नेतेय. बाकी मामी भात आणि तलावातली मासोळी करणार, ती जवसाच्या चटणीसोबत, आणि तिला नको म्हणायची माझी हिंमत नाही, इच्छा पण नाही.

फिरायच्या यादीतून मी मुद्दाम बरंच काढलं. इटियाडोह धरण, प्रतापगड, गोठणगावचा तिबेटी कॅम्प, नागझिऱ्याची सफारी, हे सगळं जवळपास आहे आणि सगळं बघण्यासारखं आहे, पण दोन दिवसात हे सगळं केलं तर गाडीतच बसून राहू. यावेळी फक्त एकच तलाव. जायचा रस्ता सोपा आहे, नागपूर, भंडारा, वैनगंगा ओलांडून लाखनी, साकोली, मग कोहमाऱ्याला उजवीकडे वळायचं. तीनेक तास. पहाटे निघायचं, साकोलीला चहा.

हिवाळ्यात आलं असतं तर बाहेरदेशचे बदक आणि हंस पाण्यावर दिसले असते, ते आता गेले असतील. पण जे राहतात ते काही कमी नाहीत. टिबुकली आहे, डुबकी मारून भलतीकडेच निघणारी, मुलांना ती कुठून वर येते यावर पैजा लावता येतात. कमळपक्षी आहे, लांब बोटांनी पानांवरून चालणारा. शिट्टी मारत उडणाऱ्या अडई आहेत. आणि अंधार पडला की रातवा, चक-चक-चक-चक, गुळगुळीत दगडावर दगड आपटल्यासारखा, धाकट्याला मी तो आवाज तोंडाने काढून दाखवलाय आणि त्याला तो तिथे ओळखायचाय. पावशा पण या दिवसात ओरडायला लागतो. कुसुमाच्या झाडाला आता नवी पालवी लालभडक असेल, लांबून वाटतं झाड फुललंय.

तारीख ठरवताना पंचांग पाहिलं, हे मला माझ्या आजोबांनी शिकवलं, रात्री बाहेर झोपायचं तर आधी चंद्र बघ. पाडव्यानंतरची सप्तमी-अष्टमी धरलीय. म्हणजे संध्याकाळी जेवताना चंद्र डोक्यावर, पाण्यावर चांदणं, मुलांना अंधाराची भीती नाही, आणि मध्यरात्रीच्या सुमारास तो मावळला की सगळे तारे आपले. पहाटे चारला दक्षिणेकडे वृश्चिक पूर्ण दिसतो, नांगीसकट. मुलीला मी म्हटलं विंचू बघायचा असेल तर हा बघ.

आता राहिली आई. आई अडुसष्ट वर्षांची आहे, गुडघे दुखतात, ती माझ्याकडेच असते. सुरुवातीला मी धरूनच चालले होते की ती मामाच्या घरात झोपेल. गच्चीवर तंबूची ट्रायल सुरू होती तेव्हा ती खुर्चीवर बसून बघत होती, काही बोलली नाही. रात्री मला म्हणाली, मोह पडायच्या दिवसात मी माहेरी गेलीच नाही गं, लग्नानंतर. दरवर्षी याच दिवसात तुमच्या परीक्षा, मग इकडचं काहीतरी, मग उन्हाळ्यात जायचो तोपर्यंत मोह संपलेला, झाडाला टोया लागलेल्या. टोया म्हणजे मोहाची फळं, त्यांच्या बियांचं तेल काढतात. म्हणजे पंचेचाळीस वर्षं झाली तिने ती टपटप ऐकली नाही. मला हे माहितीच नव्हतं. मी तिच्या पोटची, इतकी वर्षं आजोळचं कौतुक सांगत फिरतेय, माझ्या लहानपणी आजी मला पहाटे उठवायची ते माझी शाळा सुरू व्हायच्या आधी मामा मला घेऊन गेला म्हणून, आई इकडेच असायची, हे मी कधी जोडूनच पाहिलं नाही.

मग पुन्हा फोन, पुन्हा मामा. आईला खाली तंबूत झोपणं जमणार नाही, तर तंबूला लागून खळ्यावर तिच्यासाठी बाज टाकायची, वर मच्छरदाणी. आणि मोहाच्या झाडाखाली? मामा म्हणाला उजाडलं की मीच नेतो अक्काले, चार जण संगं राहू, आधी डब्बा वाजवत जाऊ, अस्वल असलं तं निंगून जाते. अक्काले म्हणा, टोपली तिचीच ठेवली हाये, ते जुनी.

आई काल दिवसभर तिच्या ट्रंकेत काहीतरी शोधत होती. संध्याकाळी एक विटलेलं हिरवं लुगडं काढून आणून माझ्या बॅगेवर ठेवलं, झाडाखाली अंथरायला. मी म्हटलं मामीकडे आहेत ना लुगडी. ती म्हणाली असू दे.

आज सकाळी मामाचा फोन येऊन गेला, पडायला लागलाय मोह, दोन दिवसापासून, या लवकर. आणि मोठी बॅटरी आणजो म्हणे, इकडची खराब झाली. बॅटरी घ्यायची राहिलीय, बाकी सगळं भरून झालंय.